चाळीस नंबरचं ऑइल

तीस नंबर घालायचं की चाळीस नंबर, एवढ्या एका गोष्टीवरून माझ्या सासरी जेवढी तोंडं वाजली तेवढी शेताच्या बांधावरूनही वाजली नसतील. हे नंबर इंजिनाच्या ऑइलचे. तीस नंबरचं पातळ, चाळीस नंबरचं घट्ट. संगमनेरहून लग्न होऊन मी सोनईजवळच्या त्या खेड्यात आले तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑइल म्हणजे लुगड्याला लागलं की जन्मात न निघणारी वस्तू, इतपतच माझं ज्ञान होतं.

सासऱ्यांची पिठाची गिरणी होती. शेती होती, पण गावात ओळख गिरणीवाले म्हणूनच. घर आणि गिरणी एकाच भिंतीला. भिंतीच्या अलीकडे आमची चूल, पलीकडे इंजिन. ते विलायती इंजिन सासऱ्यांनी तरुणपणी नगरहून बैलगाडीत घालून आणलं होतं. माझ्या खांद्याला लागतील अशी त्याची दोन लोखंडी चाकं, शेजारी थंड पाण्याचा हौद आणि पत्र्यातून वर काढलेलं धुराडं. सकाळी हँडल मारलं की धुराड्यातून पुक, पुक, पुक असा आवाज सुरू व्हायचा आणि वेशीपर्यंतच्या बायका डबे, पाट्या घेऊन निघायच्या. पिठाचा तो गरम वास, त्यात मिसळलेला डिझेलचा वास, पट्ट्याची फटफट... आज पाकिटातलं पीठ आणून भाकरी थापते, पण त्या वासाची आठवण आली की माझा हात थांबतो, खोटं कशाला बोलू.

इंजिन सुरू झालं की फळीवरच्या कपबशा थरथरायच्या आणि माणसं ओरडायला लागायची. ओरडल्याशिवाय इलाजच नव्हता. आमच्या घरात ‘मीठ वाढा’ हे वाक्यसुद्धा भांडणासारखं ऐकू यायचं. लग्नानंतरचे पहिले काही दिवस मी न्हाणीत जाऊन रडत असे. मला वाटायचं, सगळे माझ्यावरच चिडलेत. सगळ्यांत खणखणीत आवाज सासूबाईंचा. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्यांचा आवाज इंजिन बंद असतानाही खाली उतरायचा नाही. नवऱ्याला जेवायला बोलवायचं तरी अख्ख्या आळीला कळायचं. दळायला आलेल्या बायका एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या, ‘बाई लई कजाग हाय, म्हाताऱ्याला धड बसू देत न्हाई.’ मलाही मनातून ते पटायचं. राग यायचा मला आत्याबाईंचा.

मी मात्र हळू बोलणारी. सासरी निघताना आईनं बजावलं होतं, सासऱ्यासमोर आवाज चढता कामा नये. मी ते तंतोतंत पाळलं. मामंजींसमोर डोक्यावर पदर, नजर खाली, आणि बोलणं ओठातल्या ओठात. त्यांना त्याचं केवढं कौतुक! दळण घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ते सांगायचे, “आमची सून लई मऊ. तोंडातून शब्द बाहेर पडतोय का न्हाई, त्येबी कळत न्हाई.” मी भिंतीआड उभी राहून ते ऐकायची आणि फुगून जायची.

मामंजींचं गावात वजन होतं ते त्यांच्या कानामुळं. विहिरीवरच्या इंजिनांची तेव्हा सगळीकडं चलती होती आणि कुणाचं इंजिन कुरकुरलं की आधी मामंजींना बोलावणं यायचं. ते हातभर लाकडाचं एक टोक इंजिनाला लावायचे, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून उभे राहायचे. भोवती चार माणसं श्वास धरून. मग डोळे उघडून ते सांगायचे, “पिष्टन न्हाई, बेरिंग हाय,” किंवा “काय झालं न्हाई, आईल बदला.” ते नगरच्या फिटरलाही मान्य असायचं. या बोलावण्याला जाताना मामंजी धुतलेला सदरा घालायचे. परत आले की दोन दिवस त्यांचं बोलणं त्याच इंजिनाबद्दल.

मग दुष्काळ आला. त्या वर्षी रेशनवर लाल मिलो मिळायची. टणक धान्य, दळताना गिरणीची दगडी तळी तापायची. आमचं इंजिन उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत धापा टाकत होतं. पुढच्या साली पाऊस बरा झाला, शेतात बाजरी आली, माणसांच्या चेहऱ्यावर रंग आला, पण इंजिनाची रया गेली ती गेलीच. धुराड्यातून निळसर धूर निघायला लागला. ऑइल पिऊन टाकायचं नुसतं. आणि दुपारी इंजिन चांगलं तापलं की आतून ठक, ठक, ठक असा ठोका यायचा. ‘हे’ म्हणजे माझे यजमान वडिलांच्या हाताखाली गिरणी बघायचे. त्यांनी मला समजावलं होतं. इंजिनाचे आतले भाग झिजले, त्यांच्यात फट पडली. पातळ ऑइल तापलं की आणखी पातळ होतं, फटीतून निघून जातं, आणि लोखंडावर लोखंड आदळतं. म्हणून जुन्या इंजिनाला घट्ट ऑइल पाहिजे. असंच चालत राहिलं तर एक दिवस आतलं काहीतरी तुटेल आणि इंजिन कायमचं बसेल.

मी ते समजले, पण मामंजी काही समजून घेईनात.

“आबा, ठोका येतोय,” हे ओरडायचे.

“कुठाय ठोका? उलट पहिल्यापरीस मऊ चाललंय.”

“मऊ? भिंतीपलीकडं ऐकू येतोय!”

“तुझे कान फुटलेत. त्या पितळी पाटीवर काय लिवलंय वाच. तीस नंबर. कंपनीनं लिवलंय.”

“पाटी ठोकली तवा इंजिन नवं हुतं, आबा!”

“आन घट्ट आईल घालून ठोका दाबायचा ही लबाडांची रीत हाय. गिऱ्हाइकाच्या गळ्यात इंजिन मारताना करत्यात. ठोका असंल तर इंजिन खोलू. पर ठोकाच न्हाई.”

ह्यांनी नगरच्या दुकानातून चाळीस नंबरचा डबा आणून ठेवला होता. मामंजींनी त्याच्यावर रिकामी पोती टाकली. दिवाळी तोंडावर आलेली. चकलीची भाजणी, लाडवाचं बेसन, अनारशाचं पीठ, सगळं गाव आमच्या दारात उभं राहणार, आणि बापलेक एकमेकांकडे बघेनात. हे माझ्याजवळ चिडून म्हणायचे, “म्हातारा हट्टी झालाय.” मलाही तसंच वाटायचं. इतका कान असलेला माणूस, आणि घरातला ठोका त्याला मान्य होत नाही म्हणजे काय?

एक दिवस दुपारी पट्ट्याचा सांधा तुटला. इंजिन बंद केलं. हे सोनईला काही आणायला गेले, बायकांना संध्याकाळी यायला सांगितलं. मामंजी भिंतीकडे तोंड करून पट्ट्याचा सांधा वादीनं शिवत बसले होते. मी चहा घेऊन गेले. गिरणीत एवढी शांतता की पत्र्यावर चिमण्यांचे पाय वाजत होते. मी नेहमीसारखी हळूच म्हणाले, “मामंजी, चहा.” ते शिवत राहिले. मी पुन्हा म्हणाले. उत्तर नाही. मला वाटलं, सकाळच्या भांडणाचा राग माझ्यावर निघतोय. मी घाईनं मागं सरले आणि कपाखालचं स्टीलचं ताट निसटून फरशीवर पडलं. केवढा आवाज झाला! चिमण्या भुर्र उडाल्या. माझे मीच कान झाकले. मामंजींचा खांदासुद्धा हलला नाही. सुई आत, सुई बाहेर.

मी तशीच उभी राहिले. थोड्या वेळानं माझी सावली त्यांच्या हातावर पडली तशी ते वळले, खाली सांडलेला चहा बघितला आणि हसून म्हणाले, “कवा आलीस? हाक तर मारायची.”

मऊ सून म्हणून मी जे कौतुक मिरवत होते, त्याचं पितळ तिथंच उघडं पडलं. मामंजींना मी मऊ वाटत होते आणि इंजिनही मऊ वाटत होतं, ते एकाच कारणानं. इतकी वर्षं त्या इंजिनाशेजारी उभं राहून त्यांचे कान गेले होते. आणि आमच्या घरात सगळेच ओरडून बोलत असल्यामुळं ते कुणाच्या ध्यानात यायचं कारणच नव्हतं. तोंडासमोर ओरडलेलं त्यांना ऐकू येत होतं. न ओरडणारी घरात मी एकटीच. मला आधी हसू आलं आणि मग इतकं वाईट वाटलं की मी ताट उचलून पळत आत गेले.

आत्याबाई भाजणीच्या डाळी निवडत बसल्या होत्या. मी दाराला कडी लावली, त्यांच्याजवळ बसले आणि कानाशी जाऊन सांगितलं. मला वाटलं, आता त्या ओरडतील, माझ्यावर नाहीतर नशिबावर. त्यांनी डाळीतला खडा काढला, बाजूला टाकला, आणि बोलल्या. इतक्या हळू बोलल्या की मी चकितच झाले. हा असा आवाज त्यांच्याकडे आहे हे मला माहीतच नव्हतं. गोड आवाज होता.

“ठावं हाय मला. दुष्काळाच्या आधीपासनं.”

“मग तुम्ही कुणाला...”

“कुनाला सांगू? मी वरडते ती काय हौस म्हनून? आदी वरडत नव्हते मी. ह्यांना ऐकू जावं म्हनून आवाज लावला. चार मान्सांत कुनी काय बोललं की मी तेच पुन्यांदा वरडून बोलते, म्हंजी ह्यांना कळतं. लोक म्हनत्यात बाई कजाग हाय. म्हनू दे. ह्यांचा कान गेला म्हनन्यापरीस ते बरं.”

त्या बाईचा मी इतके दिवस राग केला होता. मी त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो सोडवून घेतला आणि पुन्हा डाळीत घातला. त्यांना असलं काही आवडायचं नाही.

“गावाला कळलं तर इंजिन बघायला बोलवनं येनार न्हाई,” त्या म्हणाल्या. “धुतलेला सदरा घालून कुठं जातील मग? आन पोराला सांगू नकोस. तो गुनाचा हाय, पर उद्याच हातातलं हँडल काढून घील, ‘आबा, तुमी बसा’ म्हनंल. ह्यांना बसवलं तर हे जेवायचे न्हाईत.”

“पण आत्याबाई, ठोका खरा आहे. इंजिन तुटेल.”

“मग मला काय ऐकू येत न्हाई का तो?” त्या फिसकन हसल्या. “बघते मी.”

त्या संध्याकाळी बापलेक जेवायला बसले असताना आत्याबाईंनी नेहमीचा आवाज लावला. “मला त्या इंजिनाच्या ठोक्यानं कपाळ उठलंय! दिवसभर ठक ठक, ठक ठक! दिवाळीचं चार घास करायचंत मला. ते घट्ट आईल घाला न्हाईतर मी चालले माह्याराला!”

पन्नाशी उलटलेली बाई माहेराला जायच्या गोष्टी करतेय बघून ह्यांना ठसका लागला. मामंजींनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला. ते बराच वेळ आत्याबाईंच्या तोंडाकडे बघत होते. आत्याबाई आमटी वाढत होत्या, मान वर न करता.

“तुझ्या कपाळासाठी इंजिनाला औषध?” मामंजी म्हणाले.

“व्हय!”

“घाल रं बाबा चाळीस नंबर,” ते ह्यांना म्हणाले. “तुझ्या आईचं कपाळ लई नाजूक हाय.”

ह्यांनी हात धुतले न धुतले आणि पोत्याखालचा डबा काढला. इंजिनाच्या पोटाखालचा नट खोलून जुनं काळं ऑइल घमेल्यात उतरवलं, ते बैलगाडीच्या आसाला घालायला ठेवून दिलं, आणि नवं चाळीस नंबरचं आत ओतलं. मधासारखी जाड धार होती त्याची. मामंजी कंदील धरून उभे होते.

सकाळी वेगळंच संकट. नगरकडची थंडी दिवाळीला कशी असते हे सांगायला नको. बायका डबे घेऊन दारात, आणि हँडल काही फिरेना. ऑइल आत थिजून बसलेलं. ह्यांनी जोर लावला, मामंजींनी लावला, दोघांनी मिळून लावला. चाकं अर्धा वेढा जायची आणि थांबायची. “म्हनलं नव्हतं?” मामंजी ओरडले. हे पुन्हा हँडलाला भिडले. दळणाच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “चला गं, सोनईला जाऊ, तिथं लायटीची गिरनी हाय.”

आत्याबाई हातातला गोवरीचा तुकडा चुलीत टाकून बाहेर आल्या. “तूप थिजलं की आपन काय करतो?” त्या ओरडल्या. “काढा ते आईल भायेर!”

ऑइल पुन्हा बाहेर काढलं. स्वच्छ डब्यात भरलं आणि न्हाणीतल्या उकळत्या पाण्याच्या घंगाळात तो डबा उभा केला. शेजारी मामंजींच्या अंगाला लावायच्या तेलाची वाटीही ऊन व्हायला ठेवलेली होती. हे म्हणाले, “आई, वाटी आणि डब्यात गल्लत करू नको, न्हाईतर आबांना चाळीस नंबर चोळशील.” त्या दिवसातलं पहिलं हसू तेव्हा फुटलं. ऑइल पातळ होऊन आत गेलं, हँडल फिरलं आणि धुराडं पुक पुक करायला लागलं. पुढे थंडीचे दिवस आले की आमच्या न्हाणीत पहिली आंघोळ इंजिनाची असायची. संध्याकाळी ऑइल उतरवायचं, सकाळी ऊन करून घालायचं. डबा ऊन करायचं काम माझ्याकडे आलं, आणि खरं सांगते, त्या धुरकट न्हाणीत उबेला बसून डबा हलवण्याचं सुख मला नंतर कुठल्या गॅसच्या शेगडीपाशी मिळालं नाही.

पण त्या पहिल्या सकाळी कुणालाच चैन नव्हतं. खरी परीक्षा दुपारची. इंजिन तापल्यावर काय होतं, यावर सगळं होतं. दळण रेटून चाललं होतं. मी बायकांच्या बाजूला डबे ओळीनं लावत होते, हे तळ्यांपाशी, मामंजी इंजिनापाशी. ऊन डोक्यावर आलं. चाकं झरझर फिरत होती, हौदातून वाफ निघत होती. माझे कान त्या एका आवाजासाठी टवकारलेले. पुक, पुक, पुक. ठोका नाही. आणखी थोडा वेळ गेला. तरी नाही. ह्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मला त्या आनंदात रडू यायला लागलं.

मामंजी अजून तिथंच उभे होते. त्यांनी ते लाकूड घेतलं, इंजिनाला लावलं, कानामागं धरलं, डोळे मिटले. मग डोळे उघडून लाकूड दुसरीकडे लावलं. पुन्हा मिटले. बायका बघत होत्या. मामंजींनी लाकूड खाली ठेवलं आणि इंजिनाच्या अंगावर तळहात टेकवला. बऱ्याच वेळानं त्यांनी मान फिरवून सगळ्यांकडे बघितलं. आत्याबाई चुलीपाशी होत्या. हे दोन पावलांवर उभे होते. त्यांनी ह्यांना विचारलं नाही. माझ्याकडे बोट केलं आणि मला बोलावलं.

मी पदर सावरून पुढं गेले. मामंजी वाकले आणि त्यांच्या मते हळू आवाजात बोलले असतील, पण त्यांना आपला आवाज कुठं कळत होता? सगळ्या गिरणीनं ऐकलं.

“पोरी, खरं सांग. मला न्हाई कळत आता. ठोका गेला का?”

डबे खाली ठेवणाऱ्या बायकांचे हात थांबले. हे एकदम वळले आणि वडिलांकडे बघत राहिले. त्यांना ते त्या क्षणी कळलं, आणि त्यांचा चेहरा कसा झाला ते मी शब्दांत सांगू शकत नाही. मला वाटलं, धरणीनं मला पोटात घ्यावं. हळू बोलले असते तर मामंजींना ऐकू गेलं नसतं, आणि मोठ्यानं बोलायची मला शिकवण नव्हती. मी मान वर केली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी सासऱ्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि होता तेवढा दम छातीत भरून ओरडले.

“गेला, मामंजी! पार गेला!”

माझा स्वतःचा आवाज ऐकून मीच दचकले. मामंजी माझ्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी मान डोलावली. त्यांचे डोळे भरले होते, पण ते हसत होते.

“आत्ता ऐकलं तुझं बोलनं,” ते म्हणाले. “असंच बोलत जा माझ्यासंगं.”

मग त्यांनी पुढच्या बाईच्या हातातला बाजरीचा डबा घेतला आणि ह्यांच्याकडे दिला.